बांध, शीव आणि जुन्या हद्दींच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावांच्या जुन्या हद्दी, शेतांचे बांध आणि शिवेवरचे दगड यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः देशावरच्या गावांना धरून आहेत. कोकण, गोवा आणि खानदेशातली तऱ्हा वेगळी असल्याने त्यांचे प्रश्न स्वतंत्र ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. मध्ययुगीन हद्दी म्हणजे किती जुन्या? आणि त्या आजही दिसतात का?

इथे मध्ययुग म्हणजे ढोबळमानाने शिलाहार-यादवांपासून शिवकाळापर्यंतचा काळ, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत. त्या काळातल्या हद्दी आज दिसतात, पण कुणी मुद्दाम दाखवल्याशिवाय लक्षात येत नाहीत. विनाकारण वळलेली गाडीवाट, दोन गावांमधली खोल गेलेली पाणंद, माळावर एकटाच उभा असलेला कोरीव दगड, एकही घर नसताना महसुली कागदात नाव असलेलं गाव या सगळ्या हद्दीच्याच खुणा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. गावाची शीव बहुधा जुनी असते आणि शेताचा बांध बहुधा अलीकडचा असतो. लोक नेमकं उलटं धरून चालतात आणि बांधाकडे बघत बसतात.

२. बांध, धुरा, मेर, ताल, शीव हे सगळं एकच का?

नाही. बांध म्हणजे शेताची हद्द. त्यालाच विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत धुरा म्हणतात. कोकणात भातखाचराच्या कडेची मातीची वरंबी ती मेर, आणि दगडावर दगड रचून केलेलं कुंपण तो गडगा. साताऱ्या-कोल्हापूरकडे उतारावर माती अडवायला घातलेली ती ताल. तिचं काम माती धरण्याचं, हद्द दाखवण्याचं नव्हे, पण वाटणीच्या वेळी भाऊ बहुतेकदा तालीवरच वाटणी करतात आणि मग तालीचीच हद्द होते. शीव मात्र गावाची. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची जमीन, आणि दोन्हींना वेढून असते ती शीव.

थळ हा जुन्या कागदांतला शब्द. त्याचा खुलासा प्रश्न ४ मध्ये आहे.

३. आमच्या शेताचा बांध पणजोबांच्याही आधीचा आहे. तो शिवकालीन असू शकेल का?

असू शकेल, पण नसण्याचीच शक्यता जास्त. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो एकोणिसाव्या शतकात जन्माला आला. पुणे भागात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने आधी केलेली मोजणी फसली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केलं, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्याचे नियम ठरले. एका बैलजोडीच्या आवाक्यात येईल एवढा तुकडा म्हणजे एक नंबर, हा त्यामागचा विचार होता. लहान लहान शेतं एका नंबरात गोळा केली, मोठी फोडली, कडेने न नांगरलेली पट्टी ठेवायला लावली आणि कोपऱ्यांवर दगड पुरले. आपले बरेचसे बांध या पट्टीतून उभे राहिले आहेत.

साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. बांध सरळसोट असेल आणि लांबी साखळीच्या पटीत बसत असेल, तर तो शिवकालीन असल्याची आशा सोडलेली बरी.

पण मोजणीदार कोऱ्या जमिनीवर रेघा मारत नव्हते. चालत आलेली वहिवाट सोयीची वाटली तिथे त्यांनी तीच नंबराची हद्द म्हणून उचलली. त्यामुळे एखाद्या बांधाची माती दीडशे वर्षांची आणि रेघ चारशे वर्षांची, असंही होतं. हे वेगळं कसं काढायचं ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

४. मोजणीच्या आधी शेतांना हद्दी नव्हत्या का? मग लोक भांडत कशावरून होते?

हद्दी होत्या, आणि भांडणंही होती. पेशवाई संपली तेव्हा देशावरच्या गावांत काळीची वाटणी थळांत केलेली होती. थळ म्हणजे जमिनीचा मोठा, नाव असलेला तुकडा. पुष्कळदा ते नाव मूळच्या मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेल्या घराण्याचं असे. ते घराणं नाहीसं झालं तरी थळ त्याच्याच नावाने ओळखलं जाई आणि अशा जमिनीला गतकूळ म्हणत. घराण्याच्या शाखा मिळून जथा होई आणि थळाची जबाबदारी जथ्यावर असे. कोणतं थळ कुणाकडे हे लिहून ठेवलेला कागद तो थळझाडा.

थळाच्या आतले तुकडे वाटणीगणिक बदलत, कधी एकत्रही होत. थळाची बाहेरची कड मात्र सहसा हलत नसे, कारण ती हलली तर दोन घराण्यांत तंटा आणि प्रकरण थेट गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे. म्हणून गावात जुनी शेतहद्द शोधायची तर एकेका बांधाच्या मागे लागू नये. आठ-दहा नंबर मिळून ज्याला गावकरी एकाच नावाने ओळखतात, त्या पट्ट्याची बाहेरची कड चालून पाहावी.

५. शीव एवढी जुनी आहे हे कशावरून म्हणता?

दानपत्रांवरून. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव राजे गाव किंवा जमीन दान देत तेव्हा ताम्रपटात चारी बाजूंच्या हद्दी लिहीत. त्यांना आघाट म्हणत. पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला नदी, पश्चिमेला डोंगर, उत्तरेला तमुक गावची वाट, अशी ती मांडणी. यातली कितीतरी गावं आजही त्याच नावाने किंवा थोड्या झिजलेल्या नावाने आहेत आणि एकमेकांच्या त्याच बाजूंना आहेत.

मराठी सनदांतही चतुःसीमा येते. तिच्यापुढे ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही ठरलेली साखळी असते, म्हणजे हद्दीच्या आतलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धन सगळंच दिलं. शिवेत एवढं सगळं मोजलं जात होतं, म्हणून ती कुणी सहजासहजी हलू देत नसे. आपल्या गावाचं नाव असलेला ताम्रपट छापून आला असेल तर त्यातले आघाट आजच्या गावनकाशावर मांडून पाहा. दोन बाजू जरी जुळल्या तरी हाती पुष्कळ आलं.

६. नकाशात आमच्या शेजारी एक मौजे दाखवलंय, पण तिथे एकही घर नाही. ही चूक आहे का?

चूक नाही. महसुली भाषेत याला बेचिराख गाव म्हणतात. दुष्काळ, लढाया, साथी किंवा आटलेलं पाणी यांमुळे वस्ती उठली, पण गावाची शीव कागदावर आणि जमिनीवर तशीच राहिली. शेजारच्या गावाने तिथली जमीन कसायला घेतली तरी मौजे वेगळंच राहिलं. जनगणनेच्या याद्यांतही अशी निर्जन गावं स्वतंत्र नोंदली जातात.

मला विचाराल तर महाराष्ट्रात मध्ययुगीन हद्दींचा याहून चांगला पुरावा नाही. माणसं गेल्यावर हद्दीला धक्का लावण्यात कुणाला फारसा रस उरला नाही. मात्र असं गाव दिसलं की लगेच ‘दुर्गादेवीच्या दुष्काळात उठलं’ असं ठोकून देऊ नये. तो दुष्काळ परंपरेने १३९६ पासून पुढे बारा वर्षं सांगतात, आणि प्रत्येक ओसाड पांढरीचं खापर त्याच्यावर फोडायची आपल्याकडे सवय आहे. पुष्कळ गावं त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत उठलेली आहेत.

पांढरी शोधणं अवघड नसतं. आजूबाजूच्या काळ्या रानात एक राखट, भुसभुशीत टेकाड असतं, नांगरटीनंतर खापरं वर येतात, जवळपास पडका मारुती किंवा बुजलेली बारव असते. लोक पूर्वी त्या टेकाडाची माती शेतात टाकायला नेत. काही ठिकाणी निम्मी पांढरी अशीच संपली आहे.

७. गधेगाळ म्हणजे हद्दीचा दगड का?

अर्धंच बरोबर. गधेगाळ हा दानाच्या रक्षणासाठी उभा केलेला दगड. वर चंद्र-सूर्य आणि बहुधा कलश, म्हणजे ते आहेत तोवर दान चालावं. मध्ये लेख असला तर लेख. खाली गाढव आणि स्त्री यांचं चित्र, म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईवरची शिवी, आणि तीही वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. मुंबईतल्या परळचा शिलाहार अपरादित्याचा शके ११०८ चा लेख यासाठी प्रसिद्ध आहे. आता तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मजकूर संस्कृतात चालला आहे आणि शापाची पाळी आली की लेख सरळ मराठीत उतरतो. ज्याला धमकी द्यायची त्याला ती समजायला हवी ना!

दान जमिनीचं असेल तर असा दगड त्या जमिनीच्या कडेला उभा करत आणि तेवढ्यापुरता तो हद्दीचा दगड असे. पण दान उत्पन्नाचं, बागेचं, देवळाच्या दिवाबत्तीचंही असे, आणि तेव्हा दगड देवळापाशी लागे. शिवाय आज दिसणारे निम्मेअधिक गधेगाळ मूळ जागेवर नाहीत. कुणी पायरीला लावला, कुणी अश्लील म्हणून पालथा घातला, कुणी देव म्हणून पारावर आणून ठेवला. म्हणून गधेगाळ सापडला म्हणजे शीव सापडली असं नाही. दगड इथे कधी आणि कुठून आला, ही विचारपूस आधी करावी.

८. शेतात कोरीव दगड आहे. तो गधेगाळ आहे की वीरगळ हे कसं ओळखू?

सगळ्यांतच वर चंद्र-सूर्य असतात, म्हणून गोंधळ होतो. ओळख खालच्या चित्रावरून पटते. एकावर एक चौकटी असून लढाई, अप्सरा वीराला नेताना आणि वरच्या चौकटीत शिवपूजा असेल तर वीरगळ. कोपरातून वाकवलेला, बांगड्या असलेला हात असेल तर सतीशिळा. गाय आणि दूध पिणारं वासरू असेल तर धेनुगळ. तोही गधेगाळासारखा दानाशी जोडलेला असतो, फक्त शिवीऐवजी पुण्याची भाषा बोलतो. वीरगळ शिवेवर सापडतो तेव्हा कारण वेगळं असतं. गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंज बहुतेकदा शिवेवरच होई. पण म्हणून वीरगळ शीव ठरवत नाही.

९. हा दगड घरी किंवा देवळात नेऊन ठेवला तर चालेल का?

नेऊ नका. जागेवरून उचलला की दगडाची निम्मी किंमत गेली. शेंदूर, ऑइलपेंट, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं, खिळ्याने रेघा उठवणं यातलं काहीही करू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उन्हात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. नांगराला ताम्रपट, नाणी किंवा मूर्ती लागली तर प्रकरण वेगळं. जमिनीत सापडलेल्या ठेव्यासाठी १८७८ चा कायदा आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

१०. शिवाजी महाराजांच्या काळात जमीन मोजली होती ना? मग त्या मोजणीच्या खुणा जमिनीवर असतील.

मोजली होती. काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, म्हणजे काठी ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. त्याआधी निजामशाहीत मलिक अंबरनेही महसुलाची घडी बसवली होती.

पण ही मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. जमीन किती आणि कोणत्या प्रतीची हे लिहिलं जाई. शेताचा आराखडा काढून कोपऱ्याकोपऱ्यावर दगड पुरण्याची रीत नंतरची. म्हणून या मोजणीची खूण जमिनीवर शोधून फारसं हाती लागत नाही. ती कागदात सापडते आणि क्वचित शेताच्या नावात (प्रश्न १९ पाहा).

११. बांधावर उभं राहून तो जुना की नवा हे कसं ओळखायचं?

एका खुणेवरून ठरवू नका. तीन-चार एकत्र आल्या तर बोला.

सगळ्यांत आधी दोन्हीकडच्या जमिनीची पातळी बघा. उतारावर नांगरट होते तेव्हा माती दर वर्षी थोडी खाली सरकते. बांधाच्या वरच्या अंगाला ती साचते आणि खालच्या अंगाला जमीन खचत जाते. शंभर-दोनशे वर्षांत बांधाची पायरी होते. वरच्या शेतात उभं राहिलं तर बांध गुडघ्याएवढा, खालून पाहिलं तर पुरुषभर उंच. अशी पायरी सपाट रानात मिळणार नाही, त्यामुळे तिथे ही खूण नाही म्हणून बांध नवा असं म्हणता येत नाही.

मग बांध कुणाला अडवतो आणि कोण बांधाला अडवतं हे पाहा. जुनी गाडीवाट बांधाला वळसा घालून जात असेल तर बांध आधीचा. बांध वाटेपाशी येऊन थांबतो आणि पलीकडे सरळ पुढे चालू होतो, तर वाट नंतर पडली. कालवा आणि रेल्वेमार्ग इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांची वर्षं ठाऊक असतात. कालव्याने तिरकं कापलेलं शेत कालव्याआधीचंच.

बांधाचा आडवा छेद उघडा पडला असेल तर तो दिवस सोडू नका. पाइपलाइनचा चर खणताना किंवा जेसीबीने बांध फोडताना मधोमध एक काळसर, मुळ्यांनी भरलेला थर दिसतो. ती बांध घातला त्या वेळची जमीन. तिच्यावर किती माती आहे, त्या मातीत खापर आहे का, कोणतं आहे, हे टिपून ठेवावं. त्या जुन्या पातळीखालून काचेच्या बांगडीचा तुकडा किंवा कौल निघालं तर बांध त्याच्यानंतरचा, एवढं पक्कं. आजकाल मातीतल्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण ते तज्ज्ञांचं काम आहे, नमुना अंधारात घ्यावा लागतो, आणि उत्साहाने पिशवीत भरून आणलेली माती त्यासाठी कुचकामी असते.

झाडांवर फार विसंबू नये. बाभूळ, बोर, हिवर झपाट्याने येतात. बांधावरचा जुना वड बांधाचं वय सांगतो असं लोक मानतात. तो जास्तीत जास्त स्वतःचं वय सांगतो.

१२. वळणावळणाचा, उताराला धरून गेलेला बांध म्हणजे नक्की जुनाच ना?

इथेच बहुतेकांची फसगत होते. समपातळीत वळणं घेत जाणारे हजारो बांध मृदसंधारणाच्या कामांतून उभे राहिले आहेत. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ चा, पुढे बांधबंदिस्तीची कामं झाली, आणि १९७२ च्या दुष्काळात तर गावोगाव लोक खडी फोडायला आणि बांध घालायला जात. गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा, ‘हे आम्हीच घातलेत’ असं पटकन सांगेल.

ओळखायची युक्ती सोपी आहे. बांधबंदिस्तीचे बांध एकामागे एक साधारण सारख्या अंतराने येतात, एका शेतातून दुसऱ्यात सरळ घुसतात, मालकी बघत नाहीत, आणि पाणी जाऊ देण्यासाठी त्यांना सांडवे असतात. जुनी हद्द मालकीला धरून असते. ती ओढ्यापाशी, खडकापाशी, वाटेपाशी कारण घेऊन वळते.

१३. शिवेवरच्या उंचवट्याखाली कोळसा, खापरं आणि विटांचे तुकडे निघाले. इथे वस्ती होती का?

असेलही. पण आणखी एक शक्यता आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सीमेसाठी दोन प्रकारच्या खुणा सांगितल्या आहेत, उघड्या आणि गुप्त. उघड्या म्हणजे वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं, तळी, विहिरी, देवळं. गुप्त म्हणजे जमिनीत पुरून ठेवायच्या वस्तू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातली यादी अशी: दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापरं, वाळलेलं शेण, विटा, कोळसा, खडे, वाळू. जमीन ज्या वस्तू लवकर खात नाही अशा पुराव्यात, हे त्यामागचं तत्त्व. वरचा दगड कुणी सरकवला तरी खालचा कोळसा जागचा हलत नाही.

गावोगाव हे पाळलं गेलं असं म्हणता येणार नाही. तरी नेमक्या शिवेच्या वळणावर एका खड्ड्यापुरता कोळसा-खापरांचा साठा असेल आणि आसपास वस्तीचं दुसरं काही नसेल, तर उकरत बसू नका. फोटो काढा, मोजमाप घ्या, माती परत लोटा आणि कळवा.

१४. दोन गावांत शिवेचा वाद झाला तर पूर्वी निवाडा कसा होई?

आधी साक्षी. शिवेच्या बाबतीत गावच्या महाराची साक्ष मोठी मानली जाई, कारण शिवेची राखण, वाटसरूला शिवेपर्यंत पोहोचवणं, सरकारी कागद पुढच्या गावी नेणं ही वतनी कामं त्याच्याकडे होती. वेशीबाहेर ज्याला ठेवलं त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती, ही विसंगती त्या काळच्या कुणाला खटकल्याचं कागदांत दिसत नाही.

साक्षींनी भागलं नाही तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा लेख, म्हणजे महजर होई. तरीही सुटलं नाही तर दिव्य. वादातल्या शिवेवरून एका माणसाने शपथेवर चालत जायचं, त्याची पावलं पडतील ती शीव. स्मृतींतही हेच आहे: लाल वस्त्र, गळ्यात माळ आणि डोक्यावर माती घेऊन सीमा दाखवायची. ठरलेल्या मुदतीत त्याच्या घरावर काही संकट आलं तर तो खोटा. अशा निवाड्यांचे कागद वाचताना शिवेच्या खुणा एकेक करून समोर येतात: ‘तेथून चिंचेस, चिंचेपासून पांढऱ्या धोंड्यास’ या थाटाच्या. धोंडा कधी कधी आजही तिथेच असतो.

१५. म्हसोबा, वेताळ, मरीआई नेहमी शिवेवरच का? देवावरून शीव काढता येईल का?

आधार म्हणून काढता येईल, पुरावा म्हणून नाही. गावाबाहेरचं ते गावात येऊ नये म्हणून राखणारे देव हद्दीवर बसवले जातात. कोकणात शिवेवरच्या राखणदाराला आजही नारळ देतात. मारुती मात्र वेशीवर असतो. वेस म्हणजे वस्तीचं दार, शीव म्हणजे सगळ्या रानाची कड. या दोन्हींची गल्लत करू नये. देव हलतातही. धरणात गाव गेलं की देव नव्या वस्तीत येतो, रस्ता रुंद झाला की मागे सरकतो.

१६. कोकणात आणि गोव्यात हद्दी कशा शोधायच्या?

डोंगरउतारावर गडगे आणि मेरा. खाडीकाठी मात्र खारजमिनींचे बांध पाहावेत, कारण तिथे बांध फुटला तर शेतच जातं. म्हणून बांधाची रेघ पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी डागडुजी करून टिकवली जाते. माती दर वर्षी नवी, रेघ जुनी. अलिबाग भागात खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांना उघाडी म्हणतात.

गोव्यात हेच काम खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, गावकारी या गावाच्या सामाईक संस्थेने केलं. तिथल्या लाकडी दाराला मानस म्हणतात. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकाऱ्यांच्या चालत आलेल्या रीती लेखी स्वरूपात आणल्या, म्हणजे व्यवस्था त्याच्या आधीपासून चालू होती. आज मानशी नादुरुस्त होऊन बांध फुटतात, खारं पाणी आत शिरतं आणि शेतं कांदळवनाखाली जातात. वरून पाहिलं तर त्या झाडीत जुन्या मेरांच्या चौकटी अजून ओळखू येतात.

१७. धुळ्याकडच्या फडांना जुन्या हद्दी म्हणता येईल का?

नक्कीच, आणि त्या फार वेगळ्या जातीच्या आहेत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाचं पाणी शेतात नेण्याची पद्धत निदान तीन-चारशे वर्षं जुनी समजली जाते. भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ (प्रश्न ४ मधल्या थळाशी गल्लत नको). थळाचे भाग म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक, मग मालक कितीही असोत. त्यामुळे इथे मालकाच्या बांधापेक्षा फडाची हद्द मोठी, आणि ती ठरवते पाटाची चारी. पाट जागचा हलला नाही तोवर फडही हलला नाही.

१८. इंग्लंडमध्ये विमानातून मध्ययुगीन शेतांच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. आपल्याकडे तसं का नाही?

कारण तिथली शेतं नंतर कुरणं झाली. लोकसंख्या घटली, मेंढ्या वाढल्या, नांगर थांबला आणि सरी-वरंब्यासारखे ते उंच-सखल पट्टे गवताखाली जसेच्या तसे राहिले. त्यांना उलट्या एस अक्षरासारखा बाक असतो. बैलांची लांबलचक जोडी शेताच्या टोकाला वळवायची तर आधीपासून तिरकं व्हावं लागे, त्याचा तो परिणाम. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन गावात तर ही सामाईक शेतपद्धत अजून चालू आहे.

आपल्याकडे नांगर थांबलाच नाही. दर वर्षी नांगरट, वखराच्या पाळ्या, आणि त्यात काळी माती. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून मिटते. असं शतकानुशतकं चाललं की पृष्ठभागावरची बारीक खूण टिकत नाही. म्हणून आपल्याकडे शेताच्या आत काही शोधण्यात अर्थ नाही, कडा शोधाव्यात. मुरमाड माळ, डोंगरउतार आणि गायरानं याला अपवाद. तिथे दगडांच्या रांगा टिकतात.

१९. शेतांच्या नावांवरून काही कळतं का?

पुष्कळ. जोश्याची पट्टी, कुलकर्णी मळा, देवाचं शेत, हाडकी-हाडोळा (महारांच्या वतनाची जमीन) ही नावं इनाम आणि वतनांच्या जमिनी दाखवतात. महार वतनं १९५८ च्या कायद्याने संपली, जमिनी पुढे हातोहात गेल्या, तरी नाव राहिलं. एखाद्या पट्टीला ‘चावर’ किंवा बिघ्यांचा आकडा चिकटलेला असेल तर प्रश्न १० मधल्या मोजणीशी ताडून पाहण्याजोगं आहे. नावं म्हाताऱ्या माणसांकडून आणि त्यातही गुराख्यांकडून घ्यावीत. सातबाऱ्यावर फक्त आकडे उरलेत.

२०. घरबसल्या सुरुवात करायची तर कोणते नकाशे आणि कागद पाहायचे?

महाभूनकाशा संकेतस्थळावर गट नकाशे मिळतात. पण अनेक गावांत १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गट पडले आणि जुने नंबर मोडले, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा आणि शक्यतो टिपण मिळवा. टिपणात मोजणीदाराने साखळीने घेतलेली मापं असतात. जुन्या नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने असते.

मग उपग्रहचित्र. इस्रोचं भुवन आहेच. त्याहून मोलाची म्हणजे १९६० ते १९७२ मधल्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं, जी अमेरिकेने १९९५ मध्ये खुली केली. धरणं, उसाची सपाटीकरणं आणि १९७२ च्या दुष्काळातली कामं होण्याआधीचं आपलं शिवार त्यांत दिसतं.

कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी यावी लागेल. हद्द, शीव, महजर, थळझाडा हे शब्द मोडीत ओळखता यायला लागले की चाळणं सोपं जातं.

२१. शेजाऱ्याने बांध कोरला आहे. बांध ऐतिहासिक आहे असं दाखवलं तर माझी बाजू बळकट होईल का?

नाही. हद्द कायम मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. तिथे मोजणीचा अभिलेख चालतो, बांधाचं वय नाही. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे जाता येतं. दर महिन्याला हा प्रश्न येतो म्हणून इथे घेतला. इतिहासाचा त्याच्याशी संबंध नाही.

२२. दोन शेजारी गावांच्या नकाशांत एकच शीव वेगवेगळी दिसते. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात. एकेक गाव वेगळं मोजलं गेलं, पथकं वेगळी, वर्षं वेगळी, आणि दोन नकाशे शेजारी लावल्यावर मध्ये फट राहते किंवा एकावर एक चढतात. साखळीने मोजलेल्या नकाशात थोडा फरक येणारच.

फरक मोठा असेल तर बहुतेकदा शीव ओढ्यावर असते. ओढा पुरात पात्र बदलतो, एका गावची मोजणी आधी झालेली असते आणि दुसऱ्याची नंतर. अशा वेळी उपग्रहचित्रात जुन्या पात्राची ओलसर, गर्द पट्टी शोधा. उन्हाळ्यात तिच्यावरचं गवत सगळ्यांत शेवटी वाळतं. ताम्रपटातला किंवा महजरातला ‘ओढा’ बहुधा तोच असतो, आजचा वाहता ओढा नव्हे. दोन्ही गावांची टिपणं मागवून त्या जुन्या पात्राशी ताडून पाहा. ज्या गावाची रेघ त्याला चिकटून जाते, ती आधीची.